उद्या उघडणे

दिनकरराव गायकवाड गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी संग्रहालयाच्या भांडारात होतो. "कळवायचं म्हणून कळवलं, सर," एवढंच म्हणाली. सूर रागाचा असता तर बरं वाटलं असतं...

आमच्या कलासंग्रहालयात चित्रांच्या पेट्या उघडणं, चित्रं टांगणं, उतरवणं हे दिनकररावांचं काम. पाहुण्या कलाकारांचे कार्यक्रम मी ठरवायचो, म्हणजे माईक माझ्या हातात असायचा. बाहेरगावची पेटी आली की एक अख्खा दिवस बंद ठेवायची, आतल्या लाकडाला इथली हवा सोसू द्यायची, हा त्यांचा नियम. पेटीवर खडूने तसं लिहायचे आणि भांडाराची किल्ली खिशात टाकायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "पाहुणा दारात आला की लगेच त्याचा कोट उतरवता काय?"

सहा वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात थंड डोंगरातून एका चित्रकर्तीची पेटी आली. आत लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र. ती महिनाभर आमच्याकडे राहून काम करणार होती आणि त्याच संध्याकाळी तिचं व्याख्यान होतं. मला चित्र मंचावर हवं होतं. दुपारी दिनकरराव डबा खात असताना मी किल्ली मागितली.

"पेटीला हात लावणार नाही ना, सर?"

"छे हो, रजिस्टर बघायचंय."

त्यांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढून दिली. संध्याकाळी मंचावर चित्र बघून ते मागच्या दारात नुसते उभे राहिले. व्याख्यान रंगलं, टाळ्या पडल्या. सकाळी फळीला वीतभर तडा होता. चित्रकर्ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, पेटी कुणी उघडली? "किल्ली माझ्याकडं होती," दिनकरराव म्हणाले, आणि माझ्याकडे बघत थांबले. पुढचं वाक्य माझं होतं. मी तड्याकडे बघत राहिलो... मला कुणी विचारलंही नाही. सदाशिव पेठेतलं आडनाव, हातात माईक. संशयाला माझ्यापर्यंत यायची गरजच पडली नाही. दिनकररावांची बदली तिकीट खिडकीवर झाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा एकाही चित्राला हात लावला नाही. मी समोरून गेलो की काचेमागून विचारायचे, "काय सर, पेट्यांना हवा लागू देताय ना?" मी हसायचो. हो, हसायचो.

धायरीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर मला बोलायला सांगितलं. 'निष्ठावान सहकारी' वगैरे बोललो. चपला घालताना सुजाता जवळ आली. "बाबांनी नाव कधीच सांगितलं नाही. पण माझ्या हातून झालं नाही, एवढं म्हणायचे. तुम्ही तिथं होतात ना, सर?" मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे, सुजाता."

जुनी नाही. ती पेटी मी उघडली होती. छापायला देण्याआधी हा लेख मी सुजाताला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "छापा... पण चार वर्षं ते खिडकीतच बसले होते, सर. तेव्हा नाही का सांगता आलं?"

ती रिकामी पेटी अजून भांडारात आहे. झाकणावर खडूचं दिनकररावांचं अक्षर आहे, ठसठशीत, दुरून वाचता येईल असं: उद्या उघडणे. ते वाचूनच मी झाकण उचललं होतं.