छप्पन्न दिवसांचं बोट

श्रीरंग जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनीअर होता, पण ती त्याची पोटापाण्याची गोष्ट. खरा तो रविवारचा विकेटकीपर. दोन हजार सहाच्या जुलैत एक चेंडू त्याच्या उजव्या अनामिकेच्या टोकावर बसला आणि शेवटचं पेर खाली लोंबलं. संघातल्या शिरीषनं आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते ओढूनही पाहिलं. कसलं सरळ होतंय!

हातांवर उपचार करणाऱ्या फ्राऊ केसलरनी त्यावर प्लास्टिकची खोळ चढवली. "छप्पन्न दिवस. बोट एकदा जरी वाकलं, तर पुन्हा पहिला दिवस." ते दिवस संपल्यावरच्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. श्रीरंग अडतीस वर्षांचा. पुढच्या वर्षी ग्लोव्ह्ज संघातल्या तरुण पोरांकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग स्वारी जागेपणीच स्वप्नात राहू लागली. मीटिंगमध्ये समोरची भिंत विरघळायची, हिरवळ पसरायची, आणि चेंडू तरंगत, अगदी सावकाश, त्याच्या हातांकडे यायचा. तो झेलायचा. साहेब काहीतरी विचारायचे, हा म्हणायचा, "या, या, गेनाऊ!" म्हणजे हो, हो, अगदी बरोबर!

एकावन्नाव्या दिवशी यमुनाआत्या आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. आल्या आल्या तिनं वरणभात केला, वर तूप, लिंबू. श्रीरंगनं उजवा हात टेबलाखाली लपवून डाव्या हातात चमचा घेतला.

"साहेब झालास होय रे? माझा वरणभात चमच्यानं?" ती हसली खरी, पण तोंड उतरलं. बोटाचं सांगितलं तर तिला उगाच घोर लागेल, म्हणून या शहाण्यानं टेबलाखाली गुपचूप खोळच काढून ठेवली. चारच घास! अहाहा, डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा पेर पुन्हा लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ केसलरनी विचारलं, "काढली होती?" 'नाही' म्हटलं असतं, तर रविवारी खेळता आलं असतं. पण मग बोट जन्माचं वाकडं राहिलं असतं.

"काढली. जेवताना."

बाई रागावल्या नाहीत. कार्डावरचा बावन्न हा दिवसांचा आकडा खोडून त्यांनी एक लिहिला. श्रीरंगला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली.

घरी आत्यानं त्याचा चेहरा पाहून सगळं काढून घेतलं.

"मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं? सांगितलं असतंस, तर मी भरवला असता की रे!" डोळे पुसून तिनं भात कालवला. "आ कर."

"आत्या, अडतीस वर्षांचा आहे मी."

"मग अडतीस वर्षांचा आ कर."

श्रीरंगनं आ केला.