कण्हेरीला घातलेलं पाणी

देवाशी घासाघीस करणारी बाई होते मी. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तीच भक्ती वाटायची. सोमवार कधी चुकवला नाही, श्रावणात पायात चप्पल घातली नाही, पण प्रत्येक उपासामागे काही ना काही मागणं असायचंच. लेकीचं वसमतला जमावं म्हणून सोळा सोमवार केले, यजमानांची नेमणूक हिंगोली आगारातून हलू नये म्हणून प्रदोष धरले. मागितलं ते मिळत गेलं आणि माझी खोड वाढत गेली. त्यामुळे नांदेडच्या डॉक्टरांनी यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं सांगितलं तेव्हा लेक ओक्साबोक्शी रडली, मी रडले नाही. मनात म्हटलं, या वेळी नवस मोठा बोलावा लागणार, एवढंच.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. यजमान एसटीत कंडक्टर होते. बोलका माणूस, वसमतच्या गाडीतली निम्मी माणसं त्यांना नावानिशी ओळखायची. एकदा डोंगरकड्याजवळ गाडी बंद पडली आणि सगळे उतारू रस्त्याकडेच्या महादेवाच्या पारावर जाऊन बसले. तिथे पांढरी कण्हेर होती. यांनी तिची एक फांदी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि माझ्या पूजेला फुलं होतील म्हणून घरी आणली. आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात वीतभरही माती नव्हती, सगळी शहाबादी फरशी. मग यांनी अर्धं कापलेलं पत्र्याचं टिपाड आणलं, बुडाला भोक पाडलं, मुरूम आणि माती भरली आणि जिथे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन असतं त्या कोपऱ्यात ते ठेवलं. कण्हेरीचं सगळं तेच बघायचे. मातीत बोट खुपसून पाहायचे आणि बोट कोरडं निघालं तरच पाणी द्यायचे, तेही बेतानं. बहर सरला की शेंडे छाटायचे आणि चीक विषारी म्हणून कोपरापर्यंत हात धुवायचे. त्या तापलेल्या फरशीवर ती कण्हेर अशी फुलायची की येणारी-जाणारी माणसं फाटकाशी थांबत. मी मात्र तिची फुलं तेवढी तोडली. तिला काय हवं, काय नको, ते मी कधी विचारलंच नाही.

आजारात नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या. यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा पाय सुजायचे. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला दोन पेले. औषधही त्यातच आणि चहाही त्यातच. मी ते नियम असे पाळले की एखादी नर्स पाळणार नाही. स्वयंपाकघराला कडी घालायची, माठ आत ठेवायचा, दोन पेले सकाळीच भरून झाकून ठेवायचे. चैत्राचं ऊन पेटलं होतं. हे ओल्या फडक्याने ओठ पुसत पडून राहायचे. घोटभर पाणी तोंडात घेऊन कितीतरी वेळ गिळायचेच नाहीत. पूर्वी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण जीभ टाळूला चिकटायची म्हणून बोलणंच बंद झालं होतं.

आणि त्याच दिवसांत मी संकल्प सोडला. सव्वा महिना रोज एकवीस तांब्यांचा अभिषेक. औंढ्याहून आणलेली काळ्या दगडाची लहानशी पिंड माझ्या देवघरात होती, तिच्यावर धार धरायची. मी महादेवाला सांगितलं की हे तीर्थ मी तुझ्याच कण्हेरीला घालीन आणि व्रत पुरं होईल त्या दिवशी तिची फुलं तुला वाहीन. ती फुलली तर मी समजेन की तू यांना राखलंस. फुलं बारमाही यायची, म्हणून मला ही अट सोपी वाटली होती. देवाला अट घालतानासुद्धा मी सोपी घातली, हे आता कळतं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. एकवीस तांबे टिपाडात ओतले की बुडाच्या भोकातून पाणी फरशीवर यायचं आणि फाटकापर्यंत ओघळत जायचं. तीर्थ पायदळी येऊ नये हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. दूधवाला त्यावरून चालत गेला तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. त्याच दुपारी मी भोकात चिंधी कोंबली आणि वरून सिमेंट लिंपून टाकलं. मग एक थेंबही बाहेर आला नाही. मला फार समाधान वाटलं. सोमवारी पंचामृताचं दूध-दहीही त्यातच जाऊ लागलं.

देवघर यांच्या खाटेपासून चार पावलांवर होतं. अभिषेकाची धार सुरू झाली की हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. तो आवाज त्यांना सोसत नसे. मला ते दिसत होतं, पण मी मंत्र मोठ्याने म्हणायची. एके दिवशी मी फुलं आणायला उठले आणि परत येऊन पाहते तर हे भिंतीला धरून देवघरापर्यंत आले होते. तीर्थाने भरलेलं तामण त्यांनी दोन्ही हातांनी उचलून ओठांना लावलं होतं. मी ते हिसकावून घेतलं. हो, हिसकावलंच. निम्मं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. यांनी सदऱ्याचा ओला भाग मुठीत धरून तोंडात घेतला आणि चोखत खाटेवर जाऊन बसले. मी उरलेलं तीर्थ नेऊन कण्हेरीला घातलं. या एका गोष्टीची मला आजही क्षमा मिळालेली नाही, म्हणजे मीच स्वतःला ती देऊ शकलेले नाही.

पंधरवड्यात कण्हेर बिघडली. पानं खालून पिवळी पडू लागली, कळ्या न उमलताच गळायला लागल्या. उन्हाने करपली असं समजून मी जुन्या लुगड्याचा मांडव तिच्यावर बांधला आणि पाणी आणखी वाढवलं. गावात नळाला आठवड्याने पाणी यायचं, तरी मी हौद खरवडून तिला घालत होते. टिपाडाला वास येऊ लागला, चिलटं घोंगावू लागली. शेवटच्या फेरीला नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांच्या शरीराला यंत्र झेपणार नाही. घरीच राहू द्या. मागतील ते द्या." मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा दोनच पेले भरले. मागतील ते देणं म्हणजे हार मानणं, असं माझं गणित होतं. माझा सव्वा महिना अजून पुरा व्हायचा होता.

व्रताचे नऊ दिवस उरले असतील. उन्हं चढलेली, गल्ली सामसूम. बाहेरून हाळी आली, "पाट्याला टाकी लावाची का, जात्याला टाकी!" एक काळीसावळी म्हातारी बाई फाटक ढकलून आतच आली. डोक्यावर गाठोडं, हातात छिन्नी-हातोडा. आमचा पाटा गुळगुळीत झाला होता खरा. मी तो बाहेर आणून दिला. ती टाकी मारत बसली, पण तिची नजर सारखी कोपऱ्यात जात होती. शेवटी हात थांबवून म्हणाली, "माय, हिला काहून झाकलं?"

"ऊन लागून राहिलंय तिला. मरायला टेकली."

ती उठली. लुगड्याचा मांडव तिने मला न विचारता ओढून काढला. टिपाडावर बोटाने टिचकी मारली, वाकून वास घेतला आणि बुडाशी लिंपलेलं सिमेंट पाहिलं.

"उन्हानं कण्हेर मरती व्हय कुठं? पाण्यानं मारून राहिल्या तुमी हिला. भोक कुणी बुजवलं?"

मी तीर्थाचं सांगितलं. पायदळी येतं म्हणाले. मला वाटलं, ऐकून गप्प बसेल. ती म्हणाली, "देवाचं झालं तरी पाणीच हाय न्हवं ते. अन् पायदळीचं काय सांगता? समदी जमीनच पायाखाली हाय की माय. मुरलं म्हंजी झालं."

असं म्हणून तिने छिन्नी लावली आणि दोन घावांत सिमेंट फोडलं. आधी काहीच आलं नाही. मग चिंधी सुटली आणि काळं, आंबलेलं पाणी भळाभळा वाहायला लागलं. फरशीवरून फाटकापर्यंत गेलं, तरी थांबेना. माझं चार आठवड्यांचं पुण्य होतं ते, आणि त्याला गटारासारखा वास येत होता. मी नाकाला पदर लावून उभी होते. इतक्यात मागून आवाज आला. हे दारात आले होते. चौकटीला धरून उभे, पाय खांबासारखे सुजलेले. ते त्या पाण्याकडे बघत होते आणि म्हणाले, "अगं, त्या बाईला म्हणावं, मलाबी एक भोक पाड की खालून."

आणि ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. म्हातारीही हसली. मी मात्र तिथेच फरशीवर बसले आणि डॉक्टरांसमोर जे आलं नव्हतं ते सगळं रडू त्या घाण पाण्यात बसून रडले. म्हातारीने मला उठवलं नाही, समजूतही घातली नाही. आपला पाटा पुरा करत राहिली. जाताना दोन भाकरी आणि ठेचा पदरात बांधून घेतला आणि एवढंच म्हणाली, "आता हात लावू नका तिला. ऊन खाऊ द्या. जगायची आसंल तर जगंल, तुमच्या हातात न्हाई ते."

ती बाई मला पुन्हा दिसली नाही. दरसाल टाकी लावणाऱ्या बायका यायच्या, मी प्रत्येकीला विचारायची. अशी कुणी आपल्यातली नाही म्हणायच्या. ती कोण होती याचा मी वाद घालत नाही. टाकी लावणारीच होती, पाटा तिने चोख केला होता. कण्हेरीचं म्हणाल तर निम्मी मुळं कुजून गेली होती, ती जवळजवळ सगळी वाळली. मी तिला हात लावला नाही. पावसाळा सरल्यावर बुडातून एक फुटवा आला. फुलायला त्यानंतर वर्ष गेलं. ती फुलली तेव्हा तिच्या फुलण्याशी मी कुठलाही अर्थ जोडला नाही. पाहायला हे नव्हते.

पण मला लिहायची आहे ती त्याच दुपारची गोष्ट. म्हातारी गेल्यावर मी हातपाय धुतले आणि पिंडीसमोर बसले. संकल्प मोडला होता, त्या दिवसाचे एकवीस तांबे घालायचे राहिले होते आणि मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी म्हटलं, महादेवा, थकले मी. तुला काय करायचं ते कर, मला आता काही सांगायचं नाही. मग उठून स्वयंपाकघराची कडी काढली, माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं आणि यांच्या खाटेशी गेले. यांनी आधी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, मी पूजेला निघाले. "तुमच्यासाठीच हाय," मी म्हटलं. "पोटभर प्या."

मी त्यांच्या पाठीला हात लावून बसले आणि हे प्यायले. वरून नाही, तोंड लावून, लेकरू पितं तसं. मधे थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा प्यायचे. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. या पाण्याने काय होणार हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तांब्यात थोडं उरलं तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"आता तू पी. माझ्यासमोर पी," ते म्हणाले. "चार महिने झाले, तू दाराआड पाणी पिऊन राहिलीस. मला ऐकू येतंय समदं. चोरासारखं पिती माझी बायको, याचीच जास्त तकलीफ झाली मला."

मला वाटत होतं त्यांना कळत नाही. त्यांच्यापुढे पाणी पिणं मला जमायचं नाही म्हणून मी मोरीशी जाऊन, आवाज न करता दोन घोट घ्यायची. तहानेने तडफडणारा माणूस पडल्या पडल्या माझं पिणं ऐकत होता आणि त्याला माझीच कीव येत होती. मी तांब्या तोंडाला लावला. हुंदक्यांनी पाणी गिळवेना, पण यांनी तांब्याच्या बुडाला हात लावून धरला होता. सगळं संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

हे आठव्या दिवशी सकाळी गेले. त्या आठ दिवसांत त्यांनी मागितलं तेव्हा पाणी दिलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी फारसं मागितलंच नाही. पडल्या पडल्या ते माझ्याशी बोलत राहिले, जुन्या गाड्यांच्या, जुन्या उतारूंच्या गोष्टी. एकदा पोटभर मिळाल्यावर त्यांची तहान उतरली होती. मी पिंडीवर आता एकच तांब्या घालते आणि हात जोडून गप्प बसते. महादेवाने माझी खूप मागणी पुरवली, त्याबद्दल मी ऋणी आहेच. पण जन्मभर जे जे मागून घेतलं त्यातलं आता फारसं काही आठवतही नाही. ती दुपार मी मागितली नव्हती.