आईचा ठप्पा, माझा ठप्पा

महापालिकेच्या त्या निवडणुकीत वामनराव पडले, त्यात माझाही हात होता. आज पन्नाशी उलटल्यावर कबूल करतो.

वामनराव आमच्या वॉर्डातले अपक्ष उमेदवार, निशाणी छत्री. त्यांच्यासाठी मी महिनाभर आमच्या नंदनवन वस्तीत दारोदार फिरून घसा बसवून घेतला. फक्त माझ्याच घरी माझं कोणी ऐकेना. आई कपबशीवाल्याच्या बाजूची. का, तर त्यानं गल्लीत नळ आणला. (मी नुसती पत्रकं आणली होती.)

त्यातच धंतोलीतल्या दवाखान्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नव्हतं. आता ती मत द्यायला येत नाही, या विचारानं मी मनातून सुखावलो. पोटच्या पोरानं!

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी. "डोये गेले बापा, मत तं नाई गेलं. चाल."

केंद्रावरच्या अधिकारी साहेबांनी मला तिचा सोबती म्हणून आत सोडलं. त्याआधी, ती सांगेल तिथंच ठप्पा मारीन आणि कोणाला सांगणार नाही, असं लिहून घेतलं. माझी सही इतकी थरथरली की साहेबांनी विचारलं, पेशंट नक्की कोण?

आडोशामागे आईनं माझी बाही धरली आणि हळूच म्हणाली, "कपबशी." कागदावर छत्रीच्या खालीच कपबशी. मध्ये जेमतेम बोटभर जागा. खोटं कशाला सांगू, माझा हात छत्रीवर जाऊन थांबला. कोणाला दिसणार होतं?

पण आईनं तीस वर्षं हातमाग चालवला होता. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, ते मागावर दुसरं कोणी असलं तरी तिला चुलीपाशी बसून कळायचं.

"काहून थांबला?"

"शाई वाळून राहिली."

"शाई ठप्पा मारल्यावर वाळते. मले ऐकू येते सारं."

मारला ठप्पा. कपबशीवर.

मग आईला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि माझी मतपत्रिका घेतली. मोहाच्या तावडीतून सुटलो म्हणून मला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. त्याच आनंदात आडोशामागे गेलो, ठप्पा उचलला आणि हात आपोआप आधीच्याच जागी गेला. ठक्!

कपबशी.

दुसरी पत्रिका मागावी, तर सांगायचं काय? तीन हातांवर वामनरावांचा एजंट माझ्याकडे पाहून आपलेपणानं हसत होता. मीही हसलो. घडी घातली आणि पेटीत टाकली.

बाहेर कोपऱ्यावर वामनरावांनी माझा हात धरला. "भाऊ, तुमच्या घरचे दोन तं पक्के ना?"

मी वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. आई मात्र शांतपणे म्हणाली, "दोन्ही ठप्पे एकाच जागी पडले बापा. म्या ऐकले ना."

वामनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी भर रस्त्यात वाकून आईच्या पायाला हात लावला.

पुढे ते पडले, ते चांगलेच दणकून. माझ्या एका मतानं काही बिघडलं नसतं, अशी मी रोज स्वतःची समजूत घालतो. पण ते अजूनही भेटले की घरी ओढून नेतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, साऱ्या वॉर्डानं दगा दिला, हा एकटा माणूस तेवढा इमानदार निघाला. मग आतून चहा येतो. बशीसकट, कपात.

मी ग्लासात मागतो.