‘यस’ दाबू नका!

आम्ही चेन्नईतली जुनी मंडळी भेटलो, की एकजण सुरू करतो, "अरे, तो एमएमएसचा व्हायरस आठवतो का?" आणि मग चहा गार होतो. तेव्हा आम्ही फारसे हसत नव्हतो. मोबाइलचं सॉफ्टवेअर तपासणं हेच आमचं काम, त्यामुळे फोनमध्ये काय काय बिघडू शकतं ते आम्हाला नको तितकं ठाऊक होतं. बाहेरचे लोक एमएमएसने बिनधास्त फोटो, आवाज पाठवायचे आणि आम्ही मेसेजची टोन वाजली की दचकायचो!

व्हायरस यायचा तो ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून, हीच खरी भीती होती. फाइल उघडली, ‘यस’ दाबलं, की तो तुमच्या फोनबुकातल्या सगळ्यांकडे स्वतःच निघायचा, आणि जवळपासच्या फोनांवर ब्लूटूथनेही. म्हणून आमच्या टीमचा नियम होता: एमएमएस आपोआप उतरू द्यायचा नाही आणि पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारायचं, "तूच पाठवलास ना?"

*

नियम राव सरांचा. राव सर आमचे लीड, तंजावरकडचे मराठी. व्हायरस लागलेला टेस्टचा फोन ते स्टीलच्या डब्यात फॉइल गुंडाळून ठेवायचे. सिग्नल बाहेर पडायला नको ना!

एकदा सगळे कँटीनमध्ये सांबार-भात खात होतो. अचानक एकामागून एक फोन वाजायला लागले. प्रत्येकावर तोच प्रश्न: ब्लूटूथवरून फाइल येते आहे, घ्यायची?

राव सरांनी खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःचा फोन डब्यात घालून टेस्टचा फोन खिशात टाकून आले होते!

दुसऱ्या क्षणी सर खुर्चीवर उभे. "अय्यो, कोणी ‘यस’ दाबूं नका! वेंडाम, नको, नको!"

अकाउंट्सचे एक साहेब शांतपणे म्हणाले, "दाबलं की. दोनदा."

*

आमच्या टीममधल्या प्राचीची तऱ्हा वेगळी. तिच्या आईने पुण्याहून एमएमएस पाठवला. आईला एमएमएस करता येतो हेच प्राचीला पटेना. फोन करायचीही तिला भीती वाटली आणि तिने न उघडताच तो उडवला.

संध्याकाळी आईचा फोन. "बघितलास का फोटो? मुलगा कसा वाटला?"

"आई, मला व्हायरस वाटला गं!"

आई भडकली. "आजवर निदान बघून तरी नाही म्हणायचीस!"

*

टीममधला नितीन आणि मी तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांची खोल्याच खोल्या असलेली इमारत; तिथले मालक सगळ्यांना तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. कॉलेजच्या मित्राच्या नंबरवरून आलेली फाइल नितीनने झोपेत उघडली. सकाळभर त्याच्या फोनवरून मेसेज जात राहिले. मॅनेजर, मावशी, गावचे भटजी, कोणी सुटलं नाही. फोन हातात धरवत नव्हता इतका तापला. शेवटी नितीनने बॅटरी काढली आणि रडवेला होऊन बसला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मॅन्शनचे मालक! आता खोली रिकामी करायला लागणार!

मालक दारात फोन नाचवत म्हणाले, "तंबी, तुझा फोटो ओपन होत नाही. परत पाठव!"

*

आणि टीममधला समीर. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेली होती. बाळाचा फोटो मेहुणा एमएमएसने पाठवणार होता, म्हणून समीर फोनला काचेच्या भांड्यासारखा जपायचा. ब्लूटूथ बंद, अनोळखी काही उघडायचं नाही, कोणाच्या हातात द्यायचा नाही.

दिवस भरायच्या आधीच बाळ झालं. सकाळी सासऱ्यांचा फोन आला. बाळ रडलंच नव्हतं. डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवलं होतं. "आता काही विचारू नकोस," एवढंच ते म्हणाले.

तिकीट संध्याकाळचं मिळालं. तोवर एकट्याने खोलीवर बसवेना म्हणून तो ऑफिसला आला. दुपारी त्याचा फोन वाजला. मेहुण्याचा एमएमएस! ‘डाउनलोड करायचा?’

समीरने मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. सासऱ्यांचा बंद. परत मेहुण्याला. नुसती रिंग.

आम्ही त्याच्या टेबलाभोवती उभे राहिलो. असं काही न सांगता, न बोलता मेहुणा काय पाठवेल?

प्राची हळूच म्हणाली, "समीर, व्हायरस असेल रे. नको उघडूस."

समीरने डोळे मिटले. "व्हायरसच असू दे," तो म्हणाला. "देवा, व्हायरसच असू दे!"

आणि त्याने ‘यस’ दाबलं.

पट्टी हळूहळू सरकत शेवटाला गेली. फोटो नव्हताच. स्क्रीन काळी झाली. कोणी कोणाकडे बघेना.

मग त्या एवढ्याशा स्पीकरमधून खरखर आली आणि त्या खरखरीतून एक बारीक, चिडलेलं, तार स्वरातलं टॅहां!

समीरचा हात बटणाकडे गेला, तशी राव सरांनी त्याचं मनगट धरलं.

"बंद करूं नको रे," सर म्हणाले. "रडूं दे!"