खोडलेलं पाणी

शालनच्या शोकसभेत समोसे होते. आधी हेच आठवतं, कारण तेलाचा तो वास अजून नाकातून जात नाही. विश्रामबागेतला हॉल, मंचामागे भलामोठा फ्लेक्स, आणि तिचा जुना विभागप्रमुख म्हणून मी पहिल्या रांगेत. एका प्राध्यापकांनी तिच्या अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं : ‘शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे या भागातील जमिनी नापीक झाल्या.’ “काय निर्भीड लेखणी!” ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तेवढ्यात मागच्या रांगेतून तानाजीअप्पा उठले. कुंडलच्या पुढच्या गावचे. त्यांच्याच रानात शालननं तो अभ्यास केला होता. “बाई गेल्या, तरी आमी अडाणीच का रं?” एवढंच बोलून ते बाहेर पडले. लोक मागे वळून हसले. मी समोरच्या फ्लेक्सकडे बघत राहिलो...

ते वाक्य शालनचं नव्हतं. माझं होतं.

शालन कोयनानगरच्या कॉलनीत वाढली, वडील धरणावर नोकरीला. “बापानं पाणी अडवलं, सर. मी ते पुढं कुठं गेलं ते बघतेय,” असं ती हसत म्हणायची. ग्रामीण समाजशास्त्राचे आम्ही बाकीचे अध्यापक विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावल्या देऊन पंख्याखाली बसायचो. ती सुट्टी लागली की एसटीनं गावाकडे. उसाला पाटानं भरमसाट पाणी, निचऱ्याला वाट नाही, मग जमिनीच्या पोटातले क्षार वर येतात, हे मातीचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक होतंच. शालनला बघायचं होतं, जमीन गेल्यावर घराचं काय होतं : कोण फौजेत भरती होतो, कुणाचं लग्न अडतं, बांधाबांधावर वैर कसं पेटतं. अप्पांनी पहिल्याच भेटीत तिला पांढरं पडलेलं रान दाखवलं. “बघा बाई, ऊस न्हाई आला तरी पापडखार घरचा हाय. लय बरकत!” दोघंही हसली. मग अप्पांच्या कारभारणीनं तिला भाकरी वाढली आणि ती त्या घरचीच झाली.

अहवालात तिनं लिहिलं होतं : ‘निचऱ्याविना दिलेल्या पाण्याने जमिनी नापीक झाल्या.’ ते वाचून आमच्या शिक्षणसंस्थेतल्या एका वजनदार गृहस्थांनी मला बोलावलं. पाणीयोजनेच्या कोनशिलेवर त्यांचं नाव होतं. “सर, पाण्याला नावं कशी ठेवता? पाणी आम्ही आणलंय,” असं म्हणून त्यांनी चहा मागवला. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढी तसदी त्यांना घ्यावीच लागली नाही. छपाईआधी मी माझ्या हातानं पाणी खोडलं आणि तिथं अज्ञान घातलं. पाणी खोडल्यावर दोष द्यायला कुणीतरी लागतंच. आणि अहवाल कधीच वाचणार नाहीत, असे शेतकरी त्यासाठी फार सोयीचे होते.

पण अप्पांचा पुतण्या फौजेतून रजेवर आला होता. त्यानं तो अहवाल सगळ्यांना वाचून दाखवला. पुढच्या वेळी शालन गेली, तेव्हा अप्पा दार अडवून उभे. “आमच्या ताटात जेवलात, बाई. आन आमीच अडाणी व्हय?” हे तिनंच मला सांगितलं, माझ्या टेबलासमोर उभं राहून. “सर, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला...” मी म्हणालो, “अगं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.” असल्या अहवालांना पुढची आवृत्ती नसते, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं माझं नाव गावात कधीच घेतलं नाही. “माझ्या नावावर छापलंय, म्हणजे निस्तरायचं मीच,” म्हणाली. त्यानंतरही ती जात राहिली, निचऱ्याचे चर काढायला माणसं जमवत राहिली. अप्पांच्या दारावरून मात्र खाली मान घालून जायची. इकडे माझ्या खांद्यावर शाली पडत होत्या, आणि मी त्या घेत होतो.

मरणाच्या थोडे दिवस आधी ती आमच्या घरी आली होती. निघताना चपलेचा अंगठा तुटला, म्हणून माझ्या पत्नीच्या चपला घालून गेली. तिच्या चपला आमच्या व्हरांड्यातच राहिल्या. पत्नीनं धुऊन ठेवल्या, पण वाळल्या की कातड्यातून त्या रानांतल्या मिठाची पांढरी रेघ पुन्हा वर यायची. शोकसभेहून परतलो, ती रेघ दिसली, आणि मला स्वतःची शिसारी आली. सभेची, समोशांची आलेली किळस त्यापुढे काहीच नव्हती.

परवा चपला पिशवीत घालून अप्पांकडे गेलो. अंगणात उभा राहून सगळं सांगितलं... त्या गृहस्थांचा चहा, खोडलेला शब्द, शालनचं गप्प राहणं. अप्पा ऐकत होते. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, चपला बाहेर काढल्या आणि त्या पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला.

“बाईंच्या हैत,” ते आत बघून कारभारणीला म्हणाले. “भायेर नगं ठिवायला.”

चपला उंबऱ्याच्या आत, सोप्यात, घरच्यांच्या चपलांशेजारी गेल्या. मी उन्हात उभा होतो. मला कुणी पाणी विचारलं नाही.