ज्याचा त्याचा नंबर

चष्मेवाल्यांच्या दुकानात लोक डोळे तपासायला येतात आणि हमखास लबाडी करतात. आधीचं गिऱ्हाईक वाचत असतानाच तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून ठेवतात, का तर नंबर वाढल्याचं उघड व्हायला नको. चष्मेवाले हसत नाहीत, टोकतही नाहीत. गुपचूप तक्त्याची दुसरी बाजू पुढे करतात आणि म्हणतात, "आता ही वाचा पाहू." पाणउतारा न करता खरं सांगावं ते त्यांनीच.

गोल्फच्या मैदानावरही ते तसेच. तिथला शेवटचा होल तळ्यापलीकडे आहे आणि तीन फटक्यांत संपवायचा असतो. होलची खूण असलेला झेंडा हिरवळीच्या उजव्या कोपऱ्यात, वाळूच्या खड्ड्यामागे. जो तो त्यावरच नेम धरतो आणि चेंडू पाण्यात घालून बसतो. चष्मेवाल्यांचं म्हणणं, एकच चष्मा सगळ्यांच्या नाकावर कसा बसेल? तरबेज खेळाडूनेसुद्धा वारा पडला असेल तरच झेंड्याकडे बघावं. मध्यम खेळाडूने झेंडा विसरून हिरवळीच्या मधोमध मारावं आणि मनात येईल त्याहून थोडी लांब पल्ल्याची स्टिक घ्यावी. नवख्याने तर तळ्याच्या वाटेला जाऊच नये. डावीकडच्या कोरड्या गवतावर चेंडू ठेवावा आणि तिथून छोट्या फटक्याने हिरवळ गाठावी.

ते स्वतः मधल्या फळीतले. तरबेज होते ते त्यांच्या बहिणीचे यजमान. पण आजारपणात भावोजींच्या डाव्या हातातली ताकद गेली, ती अर्धीच परत आली. जोड्यांच्या वार्षिक सामन्याच्या सकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "आज जमलं नाही तर ही बॅग शेजाऱ्यांना देऊन टाकणार. कायमची." ताईने भावाकडे नुसतं पाहिलं.

जोडीचा खेळ म्हणजे चेंडू एकच आणि फटके आळीपाळीने. मेहुणे-भावोजींची जोडी शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत होती. समोरच्या जोडीतले दंतवैद्य झेंड्याच्या मोहात पडले. डुबुक!

"बाबा, चेंडू आंघोळीला गेला की!" जोडीला असलेली त्यांची सून हसली.

आता भावोजींची पाळी. त्यांनी सात नंबरची स्टिक काढली. पूर्वी ते तिनेच तळं सहज ओलांडायचे.

"भावोजी, हा तुमचा जुना नंबर."

"दुकान उघडलंत का इथे?"

"डावीकडे ठेवा. पुढचा फटका माझा आहे."

"म्हणजे नवख्यासारखा खेळू?"

"जोडीदारासारखा खेळा. चेंडू एकट्याचा नाहीये."

भावोजींनी सात नंबरची स्टिक परत बॅगेत टाकली आणि दुसरी काढली. मग पाय डावीकडे वळवले आणि चेंडू गवतावर असा अलगद उतरवला, की जणू हाताने नेऊन ठेवला.

चेंडू पाण्यात गेल्याचा एक दंडाचा फटका धरून सुनेने तिसरा फटका झकास मारला. त्यांचा होल चारात संपणार हे नक्की झालं. भावोजींचा चेंडू मात्र सोप्या जागी होता. चष्मेवाल्यांनी छोटा फटका मारला आणि चेंडू हिरवळीवरून सुसाट दुसऱ्या टोकाला गेला! भावोजींनी तो लांबून होलच्या तोंडाशी आणला, चष्मेवाल्यांनी आत ढकलला. यांचेही चारच. करंडक दोन्ही जोड्यांत वाटला गेला.

"अहो, ताटात वाढून दिलं होतं तुम्हाला!" भावोजी कडाडले. "सांडून ठेवलंत!"

"चुकलंच."

"मनगट ढिलं सोडता. चला, आत्ताच्या आत्ता सरावाला."

ताई चहा घेऊन आली, तर नवरा सरावाच्या पट्ट्यावर उजव्या हाताने एकेक चेंडू मांडत होता आणि भाऊ निमूटपणे बोलणी खात होता.

"निघायचं ना? शेजारी बॅगेची वाट बघत असतील."

"कसली बॅग? हा गृहस्थ सुधारल्याशिवाय मी इथून हलत नाही. हं, मेहुणे, मनगट!"

चष्मेवाल्यांनी ताईकडे वर मान करूनही पाहिलं नाही. मनगट घट्ट धरून ते पुढच्या चेंडूवर वाकले.