घड्याळ कुणाचं चालू होतं?

रविवारी घोडेगावला एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची स्पर्धा होती. अवसरीहून स्कूटीवर गेलो, मी आणि माझी लेक सई. दारावर पाटी अजून कुणाच्या तरी लग्नाचीच... दोन पाहुणे आत डोकावून जेवण कुठंय म्हणून विचारूनही गेले!

सई आठ वर्षांची असल्यापासून खेळते. आता दहावी झालीय आणि अकरावीचा फॉर्म दोन दिवसांत भरायचाय. मंचरला सायन्स घेऊन खेळ बंद करायचा, की पुण्याला मावशीकडे राहून चांगला कोच लावायचा... डोक्याचा नुसता भुगा झालाय.

तिचं रेटिंग दोन वर्षं जागचं हलत नाही. बरोबरीची निम्मी पोरं खेळ सोडून डॉक्टरकीच्या नीट परीक्षेमागे लागली. एकाला मात्र खेळामुळेच भारी कॉलेज मिळालं. म्हणजे धरावं काय आणि सोडावं काय!

शेवटच्या फेरीत सईसमोर आली डोंगराकडच्या गावातली नऊ वर्षांची चिमुरडी. खुर्चीत गुडघ्यांवर बसलेली, तेव्हा कुठे पट दिसत होता तिला. पालकांना आत बंदी, म्हणून मी खिडकीला नाक लावून उभी. शेजारी तिचे वडील.

ते हळूच म्हणाले, "ताई, तुमची पोरगी लई वर्सं खेळती. पुढं काय व्हतं वो ह्याचं? आमी बी क्लास लावावा का?" काय सांगणार, कपाळ! मी स्वतः तेच शोधतेय.

तेवढ्यात बघते तर काय... सईनं चाल केली, कागदावर लिहिली, पण आपलं घड्याळ थांबवायचं बटण दाबायचं विसरली! हाताची घडी घालून निवांत बसलेली. तिला वाटतंय समोरची विचार करतेय, आणि मिनिटं जातायत हिचीच. ओरडावं तर शिक्षा तिलाच.

समोरच्यानं सांगायलाच हवं असा काही नियम नाही. पण त्या पोरीनं घड्याळाकडे पाहिलं, सईकडे पाहिलं... आणि बोटानं दाखवलं. सई केवढी दचकली! उरलेल्या वेळात डाव काही सावरला नाही. हरली.

मला वाटलं आता रडारड. पण दोघी बाहेर पायरीवर बसून तोच डाव पुन्हा मांडत होत्या, आणि सई त्या पोरीला तिचीच एक चुकलेली चाल समजावत होती. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. त्यानं तर माझा गोंधळ आणखीच वाढला.

परत येताना मी करवादलेच, "अगं, इतका वेळ बसलीस तरी कशी?"

"मला वाटलं तिची चाल आहे."

मग फॉर्मचं काढलं. तुझं काय ठरलं, म्हटलं. सईनं मागून खांद्यावर हनुवटी टेकवली...

"आई, मला वाटलं तू ठरवतेयस."

मी स्कूटी बाजूला घेऊन थांबवली. खरं सांगते, दोन महिने मी गप्प होते, कारण मला वाटत होतं ती ठरवतेय.

अजून काहीच ठरलेलं नाही. त्या वडिलांना मी काय सांगायला हवं होतं तेही कळलेलं नाही. पण आज सकाळपासून दोघी फॉर्म पुढ्यात घेऊन बोलतोय, भांडतोय... चिमुरडे, तू बोट दाखवलंस म्हणून गं. नाहीतर आम्ही माय-लेकी अजून हाताची घडी घालूनच बसलो असतो.